वर्षाचा हिशेब उंबऱ्यावरून मांडा

वसईतल्या चर्चमध्ये वर्ष सरताना दोन कार्यक्रम होतात. ३१ डिसेंबरच्या रात्री आभाराची मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, आणि त्याच्या पुढेमागे, कुठे जानेवारीत तर कुठे मार्चनंतर ऑडिट उरकलं की, एखाद्या रविवारी हॉलमध्ये वार्षिक अहवालाचं वाचन. पहिल्या कार्यक्रमाला पाय ठेवायला जागा नसते, बाहेर मंडपात स्क्रीन लावावा लागतो. दुसऱ्याला पुढच्या तीन रांगा कशाबशा भरतात, त्याही पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे फादरांना सल्ला देणाऱ्या समितीच्या, सभासदांनी आणि त्यांच्या घरच्यांनी. मग कोणीतरी माइक हातात घेऊन खंत व्यक्त करतं, की लोकांना चर्चच्या कारभारात रसच उरलेला नाही.

मला हे पटत नाही. रस भरपूर आहे. मिस्सा सुटल्यावर फाटकाबाहेर, स्कूटर काढता काढता, अर्धा-पाऊण तास हीच चर्चा रंगते: सणाच्या मंडपावर किती गेले, नवे फादर आमच्या वाडीत कधी फिरकणार, अमक्याच्या मयताला कौन्सिलमधून कोणीच कसं आलं नाही. फाटकाबाहेर बोलल्या जाणाऱ्या यातल्या एकाही विषयाचा हॉलमध्ये वाचल्या जाणाऱ्या कागदात मागमूस नसतो. लोक शहाणे आहेत, ते घरी जातात.

धर्मग्रामाने, म्हणजे एका चर्चच्या भाविकांच्या पॅरिशने, वर्षभरात काय सेवा केली, याचा अहवाल कार्यालयात बसून लिहिताच येत नाही, असं माझं म्हणणं आहे. जे लोकांच्या उंबऱ्यापर्यंत जातात त्यांनी तो सांगायचा. तोही सगळ्यांसमोर, आणि प्रश्नांना जागा ठेवून.

आत्ताचा अहवाल कसा असतो ते पाहा. स्नानसंस्कार इतके, प्रथम ख्रिस्तशरीर इतक्या मुलांना, दृढीकरण इतक्यांना, लग्नं इतकी, मयत इतके. मग नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, आणि सण. मग हॉलच्या छपराचं काम, साउंड सिस्टीम, सीसीटीव्ही, आवारातले पेव्हर ब्लॉक. मग जमा-खर्च. यातला जमा-खर्चाचा भाग सगळ्यांत चोख, कारण तिथे धर्मप्रांताला हिशेब द्यावा लागतो, ऑडिटरची सही लागते. आणि सर्वांत शेवटी, अर्ध्या पानात, ‘सेवाकार्य’. इथे भाषा एकदम सरकारी होते. शिबिर घेण्यात आले. धान्यवाटप करण्यात आले. आजाऱ्यांना भेटी देण्यात आल्या. कोणी दिल्या, कोणाला दिल्या, पुढे काय झालं, कोणाकडे जायचं राहून गेलं, काही कळायला मार्ग नाही. पेव्हर ब्लॉक चौरस फुटाला किती पडला ते मात्र पैशापर्यंत कळतं.

आता याच धर्मग्रामात महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी काय चालतं ते बघू. म्हातारी, अंथरुणाला खिळलेली माणसं चर्चला येऊ शकत नाहीत. त्यांना ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत वाटली जाणारी पवित्र भाकर (कम्युनियन), घरी नेऊन दिलं जातं. फादर जातात, सिस्टर जातात, आणि या कामासाठी नेमलेले साधे धर्मग्रामस्थही जातात. माझ्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका हे काम कित्येक वर्षं करत आहेत. गळ्यातल्या लहानशा पिशवीत ती सोनेरी डबी, अंगावर साधी कॉटनची साडी, सकाळी साडेसातला स्कूटीवर निघतात आणि उन्हं चढेपर्यंत वाड्यावाड्यांतून फिरतात. प्रार्थनेला प्रत्येक घरी दहा मिनिटं पुरतात. बाकीचा वेळ भलत्याच कामात जातो. एका घरी म्हातारीला गोळ्यांच्या पाकिटावरची अक्षरं दिसत नाहीत, सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्या वेगळ्या डब्यांत घालून द्यायच्या. एका घरी मुलगा कॅनडात. त्याने बापाच्या काळजीने हॉलमध्ये कॅमेरा बसवलाय, आणि बाप कॅमेऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून यांना पडवीत बोलावून सांगतो, की मुलगा पैसे पाठवतो, फोन मात्र करत नाही. एका घरी दार उघडते ती झारखंडची पोरगी, घरकामाला ठेवलेली. तीही ख्रिस्ती. तुला आयतवारी मिस्सेला सोडतात का गं, असं बाईंनी तिला एकदा विचारलं. पुन्हा विचारलं नाही, कारण मालकीणबाई चर्चच्या गायनवृंदात पुढच्या रांगेत उभ्या असतात.

या शिक्षिकेला धर्मग्रामाबद्दल जेवढं ठाऊक आहे, तेवढं सगळ्या कौन्सिलला मिळूनही नसेल. कोणत्या वाडीत किती घरांना कुलूप लागलंय, कोणाची बागायत बिल्डरकडे गेली आणि आलेले पैसे कुठे गेले, कोणाच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं, कोण संध्याकाळी पिऊन पडतो आणि त्याची बायको कोणाकडे झोपायला जाते. अहवालात या सगळ्याची एक ओळ होते: ‘आजाऱ्यांना घरी कम्युनियन नियमित देण्यात आले.’ सणाच्या दिवशी बाईंना शाल मिळते. प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही.

असे न विचारलेले प्रश्न महागात पडतात. मासेमारीचंच घ्या. जून-जुलैत सरकारी बंदी असते, पाऊस असतो, पाचूबंदर, नायगाव, अर्नाळ्याला बोटी किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या असतात. उन्हाळ्यात सुकवलेल्या बोंबलाचे आलेले पैसे बोटीच्या डागडुजीत, जाळ्यात आणि जुन्या उधारीत जिरलेले. नेमक्या त्याच जूनमध्ये शाळा उघडतात. फी, वह्या, गणवेश, रेनकोट, सगळं एकदम. कोळीवाड्यात वर्षातले सगळ्यांत ओढीचे दिवस हेच. आणि चर्चचं धान्यवाटप, कपडेवाटप, शिक्षणासाठीचे धनादेश कधी? डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर. तेव्हा दात्यांचा हात सैल असतो, स्टेजही सजलेलं असतं. डिसेंबरात कोळ्याची बोट समुद्रात असते, घरात चार पैसे खेळत असतात. मदत खरी, देणाऱ्याचं मनही खरं, पण वेळ देणाऱ्याच्या सोयीची. कोळीवाड्यातल्या कोणत्याही बाईला विचारलं असतं तर तिने हे मासळीची पाटी खाली न ठेवता सांगितलं असतं. अहवालाच्या कागदावर मात्र ‘धान्यवाटप करण्यात आले’ हे वाक्य जूनला आणि डिसेंबरला अगदी सारखं दिसतं.

लग्नातल्या दारूचंही तेच. दर वर्षी त्यावर प्रवचन होतं, दर वर्षी ती वाढते, आणि अहवालात त्याबद्दल अवाक्षर नसतं. असो.

दुसरा प्रश्न जास्त अडचणीचा आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांच्या वर होती. पुढे ती किती फुगली हे विरार लोकलच्या दारात लटकणाऱ्याला विचारावं. या वाढीत ख्रिस्ती कुटुंबंही आली. मुंबईत घर परवडेना म्हणून आलेले मंगळुरी, गोवेकर, तमिळ, मल्याळी. वसईचा जुना ख्रिस्ती समाज, कुपारी, वाडवळ, कोळी, घरात आपापल्या बोलीत बोलतो आणि चर्चमध्ये मराठीत प्रार्थना करतो. १९६२ ते १९६५ या काळात झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेत लॅटिनच्या जागी लोकांची भाषा आली, आणि इथे ती मराठी होती. त्या मराठीसाठी इथल्या धर्मगुरूंनी, शिक्षकांनी, गाणी रचणाऱ्यांनी मेहनत घेतली. गोव्यात जाऊन आलेला माणूस वसईत मिस्सेला बसला की त्याला हा फरक पहिल्या गाण्यालाच कळतो. त्याचा अभिमान बाळगण्यात काही गैर नाही. पण टॉवरमधल्या नव्या कुटुंबाला ही मराठी परकी, त्यांना इंग्रजी मिस्सा हवी. आणि खरं सांगायचं तर ती आमच्या नातवंडांनाही हवी. ती इंग्रजी शाळेत जातात आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात मराठी जोडाक्षरांवर अडखळतात.

यावरून कौन्सिलमध्ये दर वर्षी खडाजंगी होते: आठची मिस्सा मराठी की इंग्रजी. माझं मत स्पष्ट आहे. मराठी मिस्सा टिकलीच पाहिजे, आणि ती वेळापत्रकात जागा अडवून टिकणार नाही. घरात आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांच्या तोंडी मराठी आली तर टिकेल. पण त्याआधी एक साधी गोष्ट विचारायची राहिली आहे. त्या टॉवरमधल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या दारावर, मराठीत, इंग्रजीत नाहीतर मोडक्या हिंदीत, कोणी गेलंय का? आमच्या भागात नाताळच्या गाण्यांची फेरी अजून जुन्या वाड्यांतूनच फिरते. टॉवरच्या वॉचमनने एकदा रजिस्टरमध्ये नावं लिहायला सांगितलं, तेव्हापासून तिकडे जाणं बंद झालं ते झालंच. कोणाला भेटावं न लागता हिरिरीने घालता येतो असा हा भाषेचा वाद आहे, म्हणून तर तो इतका रंगतो.

उंबऱ्यावरून अहवाल मांडा म्हटलं की आक्षेप येतात, ते ऐकून घ्यायला हवेत. पहिला आक्षेप भाविक मंडळींचा असतो. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू देऊ नका असं प्रभूनेच सांगितलंय. सेवेची जाहीर मोजदाद म्हणजे दिखावा. मत्तयाच्या शुभवर्तमानातला हा इशारा देणाऱ्याच्या मिरवण्याविरुद्ध आहे, आणि तो लागू करायचाच तर धान्याच्या पिशवीला हात लावून काढलेल्या फोटोंना आधी लागू करावा. हिशेबाचं शुभवर्तमानाला वावडं नाही. लूकच्या सोळाव्या अध्यायात धनी कारभाऱ्याला बोलावून तुझ्या कारभाराचा हिशेब दे म्हणतो. त्याच्या आधीच्याच अध्यायात शंभर मेंढरांचा मेंढपाळ आहे. एक मेंढरू हरवलं हे त्याला कळलं कसं? मोजली म्हणून. आम्हीही मोजतो, पण आत असलेली. मिस्सेला किती आले, कम्युनियन किती वाटलं, पाकिटं किती जमली. बाहेर राहिलेल्याचा आकडा आमच्या कोणत्याही वहीत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: घराघरांतलं दुःख हॉलमध्ये माइकवरून सांगणार का? कोण पितो, कोणाचा मुलगा विचारत नाही, हे चव्हाट्यावर आणणार? अजिबात नाही. पण यावर उपाय शोधायला लांब जायला नको, तो आपल्याच चर्चच्या एका खोलीत दर आठवड्याला चालू असतो. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी सुरू केली. आपण तिला एसव्हीपी म्हणतो. तिची रीत पहिल्यापासून हीच: गरिबाला चर्चच्या दाराशी बोलवायचं नाही, दोघादोघांनी त्याच्या घरी जायचं, आणि बैठकीत भेटीचा वृत्तांत सांगायचा. नाव त्या खोलीबाहेर जात नाही. पण इतक्या घरांत एकटी म्हातारी माणसं आहेत, इतक्या घरांत कमावता माणूस बेकार आहे, इतकी मुलं दहावीनंतर घरी बसली, ही माहिती नावांशिवाय सांगता येते. डॉक्टर नाही का रोग्याचं नाव न घेता साथ आली म्हणून सांगत? आमच्याकडची एसव्हीपीची बैठक मी जवळून पाहिली आहे. सात-आठ मंडळी, बहुतेक साठीच्या पुढची, लोखंडी कपाट, चहाचा थर्मास, आणि लांब पट्टीच्या वह्यांत वळणदार अक्षरात एकेका घराची हकिकत. वर्षानुवर्षांच्या त्या वह्या वाचून कोणी एक प्रकरण जरी लिहिलं, तरी धर्मग्रामाचा खरा अहवाल होईल. त्या वह्या कपाटातून बाहेर निघत नाहीत, आणि एसव्हीपीत तरुण येत नाहीत म्हणून आम्ही हळहळतो.

तिसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो. बाहेरचं वातावरण पाहा, म्हणतात. ख्रिस्ती संस्थांनी कुठे दवाखाना काढला, कुठे आदिवासी पाड्यावर शिकवणी घेतली तरी संशयाने पाहिलं जातं; अशा वेळी आपणच आपल्या उणिवा जाहीर करायच्या? मला ही भीती समजते, तिला कोणी भेकडपणा म्हणू नये. पण लपवून काय साधतं? आपण काय करतो हे आपणच स्वच्छ सांगितलं नाही, तर ते दुसरं कोणीतरी त्याच्या सोयीने सांगतं. पाड्यावरच्या शिकवणीत किती मुलं येतात, त्यांना काय शिकवलं जातं, पैसा कुठून आला, हे मराठीत छापून गावातल्या सगळ्यांना, हिंदू शेजाऱ्यांनाही, वाचायला मिळालं तर संशयाला जागा कमी उरते. शिवाय आपल्या उणिवा शेजाऱ्यांना ठाऊक नाहीत हा आपला गोड गैरसमज आहे. वाडी एक, विहीर एक, तलाठी एक.

चर्चचा स्वतःचा कायदा काय म्हणतो तेही पाहावं. १९८३ च्या कॅनन लॉनुसार प्रत्येक धर्मग्रामाला आर्थिक समिती असलीच पाहिजे (कलम ५३७), आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना दिला पाहिजे (कलम १२८७). म्हणजे पैशाचा हिशेब मागणं हा आगाऊपणा नाही. पॅरिश कौन्सिलचं काम सल्ला देण्याचं, अखेरचा शब्द फादरांचा, तेही कायद्यातच आहे. पण सेवेच्या हिशेबाबद्दल आजवर असं नेमकं बोट ठेवायला जागा नव्हती. ती आता आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये जी सिनॉडची, म्हणजे चर्चच्या जगभरातल्या विचारविनिमयाची, प्रक्रिया सुरू केली, तिचा समारोप ऑक्टोबर २०२४ मध्ये रोममध्ये झाला. तिच्या अंतिम दस्तऐवजात पारदर्शकता, उत्तरदायित्व आणि मूल्यमापन यांवर स्वतंत्र भाग आहे. त्यात स्थानिक चर्चनी वार्षिक आर्थिक हिशेबाबरोबर आपल्या सेवाकार्याचाही वार्षिक अहवाल तयार करून प्रसिद्ध करावा, तो लोकांना सहज मिळावा, आणि जबाबदारीची कामं सांभाळणाऱ्यांच्या कामाचं वेळोवेळी मूल्यमापन व्हावं, असं सांगितलंय. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ ला गेले. सिनॉडसाठी वाड्यावाड्यांतून बैठका झाल्या, प्रश्नावल्या भरून घेतल्या. त्यातून निघालेला दस्तऐवज किती धर्मग्रामांत वाचला गेला, हाही यंदाच्या अहवालात विचारण्यासारखा प्रश्न आहे.

आणि वसईला तर हे रोमने शिकवायची गरज नसावी. इथल्या चर्चने जे जे नाव घेण्यासारखं केलं, ते उंबऱ्यावरून सुरू झालेलं आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज सत्ता गेली, किल्ल्यातल्या मोठमोठ्या चर्चच्या भिंती आज पर्यटक बघतात आणि लग्नाआधीचे फोटो काढतात. थोडक्या देशी पाद्र्यांच्या भरवशावर धर्म टिकला तो वाडीतल्या क्रुसापाशी आणि घरातल्या जपमाळेत. १९१८ मध्ये बेसिन कॅथलिक बँक उभी राहिली. बँक काढायची कल्पना मिस्सेच्या हजेरीचे आकडे बघून सुचत नाही. वाडीतला कोण कोणाकडे किती व्याजाने अडकलाय हे माहीत असावं लागतं. आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखलं, पण वसईने त्यांना ओळखलं ते हरित वसईच्या लढ्यात. बागायतदाराच्या विहिरीचं पाणी टँकर उपसून नेतायत, जमिनीवर आरक्षणांची आणि बिल्डरांची नजर आहे, हे त्यांना शेतकऱ्यांच्या ओट्यावर कळलं, आणि मग ते रस्त्यावर आले. २००९ मध्ये महापालिका झाली तेव्हा गावं वगळा म्हणून जे लोक उठले, त्यांच्या बैठकाही ओट्यांवर आणि चर्चच्या आवारांतच झाल्या. दिब्रिटो २५ जुलै २०२४ ला गेले. श्रद्धांजलीच्या सभा मोठ्या झाल्या. त्यांच्या प्रश्नांचं पुढे काय, विहिरींचं काय, उरलेल्या बागायतीचं काय, याची एक ओळ कोणत्या धर्मग्रामाच्या अहवालात आली असेल तर मला ती वाचायला आवडेल.

कोणी म्हणेल, हे सगळं फादरांनी करायचं. इथे फादरांची बाजू घ्यायला हवी. धर्मगुरू साधारण पाच-सहा वर्षांनी बदलतात. पहिलं वर्ष माणसं ओळखण्यात जातं, शेवटचं निरोपांत. मधल्या काळात शाळा, कोर्टाची तारीख, महापालिकेची परवानगी, दोन लग्नं आणि एक मयत एकाच शनिवारी. नवीन फादर येतात तेव्हा त्यांच्या हाती चाव्या येतात, पासबुकं येतात, फाइली येतात. वाडीत कोण कसं आहे हे सांगणारा कागद येत नाही, म्हणून प्रत्येक जण शून्यापासून सुरू करतो आणि त्याला सगळ्यांत आधी जो भेटतो त्याचं ऐकतो. जो आधी भेटतो तो बहुधा गरीब नसतो. धर्मग्रामाची आठवण लोकांनी सांभाळायची असते आणि तिची वही लोकांनीच पुढच्या फादरांच्या हातात द्यायची असते.

तेव्हा पुढच्या वर्षासाठी माझ्या सूचना अशा. अहवाल सभेच्या पंधरा दिवस आधी फलकावर लागावा आणि वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यावा, मराठीत आणि टॉवरवाल्यांसाठी इंग्रजीतही. सभेचा पहिला तास जमा-खर्चाला देऊ नये. तो पहिल्या शुक्रवारी घरोघर जाणाऱ्यांना, एसव्हीपीच्या मंडळींना, धर्मशिक्षणाच्या शिक्षकांना आणि पाड्यावर जाणाऱ्या सिस्टरना द्यावा. त्यांनी नावं न घेता, जे पाहिलं ते सांगावं. काय करायचं ठरवलं होतं आणि झालं नाही, याला एक अख्खं पान असावं. शाळेच्या फीची मदत जूनच्या पहिल्या आठवड्यात द्यावी. यासाठी ठरावाचीही गरज नाही, तारीख बदलली की झालं. लोकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं महिन्याभरात लेखी लागावीत, ‘विचाराधीन’ हे उत्तर धरू नये. आणि सभेला त्या झारखंडच्या मुलीलाही यायला मिळावं, म्हणजे तिच्या मालकीणबाईंनी त्या दिवशी तिला सुट्टी द्यावी, एवढं गायनवृंदाला सांगायला हरकत नाही.

आमच्या खजिनदारांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, सभा लांबेल, लोक जेवायला जातील. लांबू दे. जेवण हॉलमध्येच ठेवा. सणाच्या रोषणाईतून एक रात्र कमी केली तर भाजी-भात आणि सुक्या बोंबलाची चटणी सगळ्यांना पुरेल.